एका बायकोची दोन बिलं

आमच्या शेजारचे टिपणीस काका रोज सकाळी स्वतःच्याच घराची बेल वाजवायचे.

किल्ली विसरून नव्हे हं. किल्ली खिशातच असायची. मागच्या दाराने बाहेर पडायचं, दोन घरांमधल्या बोळातून कचऱ्याच्या बिन चुकवत पुढे यायचं, टायची गाठ चाचपायची, बुटांची टोकं पँटच्या मागे घासायची आणि बेल दाबायची. मग हात पुढे बांधून, इंटरव्ह्यूला आल्यासारखं उभं राहायचं. दार उघडलं की आत. अंगात सूट असायचाच. कॉव्हेंट्रीत ऊन पडलेलं असो नाहीतर बर्फ, सुटाला सुट्टी नाही.

"काका, बाहेर अडकलात की काय?" मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं.

"छे! बेल चालते का बघतोय."

"रोज?"

"आपण गाफील राहायचं नाही, सुनीता."

मी मान डोलावली आणि कामाला पळाले. ह्या माणसाचं काही सांगता येत नसे. उभी हयात मोटारींच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला गेलेली. समोरून गाडीची दारं यायची, हे त्यावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, पास किंवा रिजेक्ट. रिटायर झाले तरी बोट काही थांबलं नाही. मी नवे पडदे लावले, तर "उजवीकडे अर्धा इंच खाली. रिजेक्ट." मंडळाच्या गणपतीत कोणी बिचारीने खीर केली, तर "वेलची जुनी. रिजेक्ट." आमच्या ह्यांनी हौसेने गाडी घेतली, पेढे घेऊन दाखवायला गेले. काकांनी दाराच्या फटीत बोट घातलं आणि असा काही सुस्कारा सोडला की ह्यांचं तोंडच उतरलं. पेढासुद्धा रिजेक्ट झाला. 'पास' हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कोणी कधी ऐकला नव्हता.

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे "लेखी द्या." दूधवाल्याने उद्या येतो म्हटलं, लेखी द्या. डॉक्टरने काळजीचं कारण नाही म्हटलं, लेखी द्या. आणि असा हा माणूस, हा लेखी-लेखी करणारा माणूस, एका फॉर्मवर एक चौकोन कोरा सोडून बसला आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

आता हे रामायण समजायला थोडं मागे जावं लागेल. त्या काळी इथे घराच्या कर्जाबरोबर एक पॉलिसी गळ्यात मारायचे. पंचवीस वर्षं हप्ते भरा, शेवटी पॉलिसी पिकेल, कर्ज फिटेल आणि वर चार पैसे उरतील. दोन हजार साल उजाडल्यावर घरोघरी पत्रं यायला लागली की माफ करा, पॉलिसी काही पुरेशी पिकलेली नाही, उरलेलं कर्ज तुमचं तुम्ही बघा. लोक खवळले. भरपाई मागायला लागले. आणि भरपाई म्हटल्यावर मधले दलाल आलेच! दुपारच्या टीव्हीवर त्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. तुमचा क्लेम आम्ही लढवू, हरलो तर एक पेनी नको, जिंकलो तर चौथा हिस्सा आमचा, वर व्हॅट. खरं तर साधं पत्र टाकून स्वतःची भरपाई स्वतः मागता येत होती, फुकट. पण हे सांगणार कोण? आणि तेव्हा ह्या कंपन्यांना जाब विचारणारंही कोणी नव्हतं.

काकांना शॉपिंग सेंटरमध्ये, बाजारहाट करताना, त्यातल्याच एका कंपनीचा माणूस भेटला. काकांनी त्याचा फॉर्म घरी आणला, भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचली, दोन शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने दुरुस्त केल्या आणि पाठवून दिला. फक्त बायकोच्या नावापुढे 'पूर्वीचं नाव असल्यास' असा चौकोन होता, तो सोडला.

"अहो, का सोडलात?" मी नंतर कपाळाला हात लावून विचारलं.

"पूर्वीचं नाव म्हणजे काय? लग्नात नाव बदललं. आधीचं माहेरी राहिलं. संपला विषय."

काकू माहेरच्या मालती गुप्ते. पेणच्या. लग्नाआधीच मुंबईला नर्सिंग शिकल्या होत्या, त्यामुळे सर्टिफिकेट मालतीचं. लग्नात काकांनी त्यांचं नाव ठेवलं मृणालिनी. पुढे दोघं इकडे आली. काकूंना हॉस्पिटलात नोकरी लागली ती सर्टिफिकेटवर, म्हणजे पगार, पेन्शन सगळं मालती टिपणीस. घराचे कागद काकांनी भरले, म्हणजे घर, कर्ज आणि पॉलिसी मृणालिनी टिपणीस. चाळीस वर्षं ही बाई वॉर्डात मालती आणि घरात मृणालिनी अशी सुखाने नांदली. आम्ही शेजारी तर नुसतं काकू म्हणायचो, आम्हाला कुठलंच नाव लागलं नाही.

कंपनीने ओळखीचा पुरावा मागितला. काकांनी काकूंच्या पेन्शनचा कागद पाठवला. कंपनीतल्या कोणा हुशाराने बघितलं, एका घरात दोन मिसेस टिपणीस! त्याने शांतपणे दुसरी फाईल उघडली. क्लेम जिंकला. भरपाई एकच आली, आणि तीसुद्धा हातात नाही, परस्पर उरलेल्या कर्जात वळती झाली. काकांना दमडीचं दर्शन झालं नाही. आणि पाठोपाठ दोन बिलं आली. एक मिस्टर आणि मिसेस मृणालिनी टिपणीस. एक मिस्टर आणि मिसेस मालती टिपणीस. रक्कम तीच, व्हॅट तोच, फाईल नंबर वेगळा. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात ना, तशातली गत.

पहिलं बिल काकांनी मुकाट्याने भरलं. "सही केली होती, देणं लागतो." दुसरं मात्र माझ्याकडे आणून टेबलावर आपटलं.

"ह्यातली एक पेनी देणार नाही. पेणच्या तिकिटांचे पैसे आहेत हे, सुनीता. तिला ह्या हिवाळ्यात पेणला न्यायचंय. सारखी घरी जाऊ म्हणते."

"न्या की. ह्या कंपनीवाल्यांना मी बघते," मी म्हटलं. मी कौन्सिलमध्ये पार्किंगच्या दंडाच्या तक्रारी बघायची. दिवसभर लोक मला सांगायचे की मी फक्त दोन मिनिटं उतरले होते. मला वाटलं, टेबलाच्या त्या बाजूला बसून इतकी वर्षं काढली, ह्या बाजूने लढायला काय लागतं? देवा रे. तोंडावर आपटले.

काका फोन करायला शनिवारी आमच्या घरी यायचे. "तिची झोपमोड होते," म्हणायचे. सूट घालून यायचे. रिसीव्हर कानाला लावून, खिडकीपाशी उभे राहून बोलायचे, आणि सगळा वेळ नजर स्वतःच्या घराच्या दारावर. मी म्हणायची, काका बसा, पलीकडे त्यांचं म्युझिक संपायला अर्धा तास लागतो. बसायचे नाहीत. त्या म्युझिकचं तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. रिजेक्ट.

पलीकडे बहुतेक वेळा केली नावाची मुलगी असायची. वाईट नव्हती बिचारी, तिच्यापुढे जे छापून ठेवलं होतं ते वाचायची. मी स्पीकर लावून ऐकत असे.

"मिस, दोन्ही एकच बाई आहे," काका म्हणाले.

"ओके. मग खरं नाव कुठलं?"

"दोन्ही."

"नाव बदलल्याचा कागद आहे का, मिस्टर टिपणीस? डीड पोल वगैरे?"

"कागद नसतो. तांदूळ असतात."

"सॉरी?"

मग काकांनी खडखडीत इंग्रजीत तिला आपला लग्नविधी समजावला. नवरी घरात येते, माप ओलांडते. लक्ष्मीपूजन होतं. ताटात तांदूळ पसरतात. नवरा सोन्याच्या अंगठीने त्या तांदळात तिचं नवं नाव लिहितो. सगळ्यांना पेढे वाटतात. झालं. त्या क्षणापासून बाई मृणालिनी. साक्षीला तिथे दोनशे माणसं होती, त्यातली बरीचशी आता वारली आहेत.

पलीकडे बराच वेळ टायपिंगचा आवाज आला. मग केलीने फार आदराने विचारलं, "आणि ते तांदूळ आता तुमच्याकडे आहेत का?"

काका खोटं बोलणाऱ्यातले नव्हेत. "नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने त्याचा भात केला."

आठवड्याने पत्र आलं. मूळ दस्तऐवज ग्राहकाच्या कुटुंबाने खाल्ल्याची नोंद घेण्यात आली आहे, सबब दुसरं बिल कायम.

मी हसून हसून खुर्चीत कोसळले. काका हसले नाहीत. ते पत्र घडी घालत म्हणाले, "निदान लेखी दिलंन."

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, "पण काका, मालती चांगलं नाव होतं की. बदललंत कशाला?"

"वाडीत तीन मालत्या होत्या. शिवाय आईची एक मावसबहीण मालती, अशी भांडकुदळ! रिजेक्ट केलं. मृणालिनी मी स्वतः शोधलं. महिनाभर विचार केला होता."

"काकूंना विचारलं होतंत?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गाडीच्या दाराचंच मत विचारलंय. "तेव्हा तशी पद्धत नव्हती," ते म्हणाले, आणि लगबगीने घरी गेले.

त्यांनी मग पुराव्यांचा सपाटा लावला. लग्नातला फोटो पाठवला. कंपनीचं उत्तर, फोटोत एक महिला दिसते, ती दोघींपैकी कोण ते स्पष्ट होत नाही. काकूंच्या रिटायरमेंटला वॉर्डातल्यांनी दिलेलं कार्ड पाठवलं. उत्तर, ह्यावरून मालती असल्याचं सिद्ध होतं, त्यामुळे आमच्या दुसऱ्या फायलीला पुष्टीच मिळते. मी स्वतः कौन्सिलच्या तोऱ्यात दोन खरमरीत पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला मीच कुठल्याशा वेगळ्या क्लेमची ग्राहक आहे असं समजून मला फॉर्म आला. मी हात टेकले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्याला तुम्ही काय करणार?

शेवटी कंपनीने एकच वाट ठेवली. त्या बाईंनी स्वतः सॉलिसिटरसमोर यावं, मृणालिनी आणि मालती म्हणजे मीच, असं शपथेवर सांगावं आणि सही करावी. बिल रद्द.

"सुटलो की!" मी म्हटलं. "पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या ओळखीची गिल म्हणून सॉलिसिटर आहे, घेऊ का अपॉइंटमेंट? मी गाडी काढते."

"सध्या थंडी फार आहे," काका म्हणाले.

मग काकूंना सर्दी झाली. मग गुडघा. मग म्हणे चांगला कार्डिगन धुवायला टाकलाय. आठवडे चालले. मी खिडकीतून काकूंना बघायची, छान नीटनेटक्या, केस बांधलेल्या, मला बघून हात हलवायच्या. "कशी आहेस गं? जेवलीस का?" कुंपणावरून विचारायच्या. कुठली सर्दी आणि कुठलं काय! इकडे बिलावर व्याज चढत होतं, लाल अक्षरात पत्रं येत होती, आणि हा माणूस कार्डिगन वाळत घालत होता. एक दिवस माझं टाळकंच सटकलं.

"अहो काका, तुम्हाला लढायचंय की नाही? इतकी वर्षं लोकांच्या खिरी रिजेक्ट केल्यात, आणि एक सही आणता येत नाही? काकूंना काय चावणार आहे का ती सॉलिसिटर?"

"तिला ह्यात ओढायचं नाही," ते एवढंच म्हणाले. मला इतका राग आला की मी दोन शनिवार त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

मग वसुलीवाला आला. मी त्या दिवशी रजेवर होते. चांगला दरवाज्याएवढा माणूस, डोक्याचा गोटा, हातात फाईल. त्याने टिपणिसांची बेल वाजवली, आणि काकूंनी दार उघडून त्याला हसून आत घेतलं. काका बाजारात गेले होते.  चप्पल अडकवून धावले, तर हा गडी काकांच्या खुर्चीत बसून पोहे खातोय आणि काकू त्याला आणखी वाढताहेत. "घ्या हो, लाजू नका," चक्क मराठीत. तो बापडा म्हणाला, लव्हली लेडी, मी नंतर येतो, आणि ताटली स्वतः सिंकमध्ये ठेवून गेला. त्याला दारातच काका भेटले. हातातल्या पिशव्या तिथेच खाली ठेवून काका भिंतीला टेकले.

"कोणीही बेल वाजवली तरी ही घरात घेते," ते म्हणाले. चेहरा पांढरा फटक. "सुनीता, तुझ्या त्या गिलला फोन कर."

मला वाटलं, चला, वसुलीवाल्याला घाबरले. एकदाचे शुद्धीवर आले.

गिलचं ऑफिस एका मिठाईच्या दुकानावर होतं. काकू मोरपंखी साडी आणि तो सुप्रसिद्ध कार्डिगन घालून आल्या होत्या, इकडेतिकडे कौतुकाने बघत होत्या. काका कागद सरळ करत होते, पुन्हा वाकडे करत होते, पुन्हा सरळ. गिलने गोड आवाजात विचारलं, "तुम्ही मिसेस मृणालिनी टिपणीस ना?"

"नो," काकू म्हणाल्या.

गिल हसली. "म्हणजे, मालती टिपणीस?"

"मालती गुप्ते. मिस." काकूंचं इंग्रजी वॉर्डातलं, स्वच्छ. "माझे वडील पेणला पोस्टमास्तर आहेत."

मी काकांकडे बघितलं. ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"आणि हे कोण आहेत?" गिलने हळूच विचारलं.

"हे?" काकूंनी काकांकडे बघून मान लववली. "फार सभ्य गृहस्थ. आमच्याकडे येतात." मग माझ्याकडे झुकून, आवाज खाली आणून मराठीत म्हणाल्या, "मृणालिनी कोण गं? ह्यांची मंडळी का? तिला घरी ठेवून हे रोज सकाळी माझ्याकडे चहाला येतात. बरं दिसतं का ते?"

 मला हसू आलं, आणि त्या हसण्याची मला इतकी लाज वाटली की मी उठून खिडकीशी गेले.

काकूंना खालच्या दुकानात बर्फी बघायला एका मुलीबरोबर पाठवलं. गिल चांगली होती. म्हणाली, काळजी करू नका, उलट हे सोपंच आहे. डॉक्टरांचं पत्र आणा, त्यांची स्मृती गेलीय म्हणून. तुम्ही स्वतः शपथेवर सांगा. मी जोडून पाठवते, ते बिल मागे घेतील, अशा बाईच्या मागे लागायची त्यांची हिंमत नाही.

"लेखी?" काकांनी विचारलं.

"हो, लेखी द्यावं लागेल."

काका उठले. टाय नीट केला. "नको."

"अहो काका!" मी जवळजवळ ओरडलेच. "अहो फुकटचे पैसे घालवताय! तिकिटांचे पैसे आहेत ते!"

"ते पत्र त्या केलीच्या फायलीत जाणार. दोन फायलींत जाणार. कोणीतरी वाचणार, मिसेस टिपणीस, डोकं ठिकाणावर नाही. सुनीता, हिने जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी बसून काढलंय. एका पेशंटचं नाव कधी चुकली नाही. आणि मी तिला सही करून रिजेक्ट करू?"

मी पर्स उचलली आणि त्यांच्यामागे निघाले. जिन्यात मात्र त्यांचा पाय अडखळला, मी दंड धरला, तेव्हा ते आपणहून बोलले. सकाळी जाग आली की घरात परका पुरुष बघून ती घाबरते. एकदा लाटणं घेऊन अंगावर आली. किंचाळली. तेव्हापासून ते पहाटे आवरून, आवाज न करता मागून बाहेर पडतात आणि पुढून बेल वाजवून येतात. पुढच्या दाराने आलेला माणूस म्हणजे पाहुणा. पाहुण्याला ती कधी हाकलत नाही. सूट बघून तर जास्तच खूश होते.

"मृणालिनी म्हटलं तर बघतसुद्धा नाही आता," काका म्हणाले. "नाव मीच दिलेलं ना. मीच शोधलेलं."

"मग पेणचं?"

"तिला काय, ती पेणलाच असते. तिकीट लागत नाही."

त्या शनिवारी ते शेवटचा फोन करायला आले. म्युझिक संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "मिस केली, तुमचं बरोबर आहे. दोन बायका आहेत. चेक पाठवतोय."

केली गोंधळली. तिच्यापुढच्या कागदावर ह्याचं उत्तर छापलेलं नसावं. "ओह. मग, सर, तुमची मिसेस त्यातली कोण?"

"दोघीही," काका म्हणाले आणि फोन ठेवला. पहिल्यांदाच काही लेखी मागितलं नाही.

मी त्यांना चहा दिला. आलं कमी पडलं होतं. प्यायले, काही बोलले नाहीत. मला वाटलं, निदान रिजेक्ट तरी म्हणा हो.

सोमवारी कचऱ्याची गाडी यायची. मी बिन ओढत पुढे आणली आणि बघते तर बोळातून काका येताहेत. सूट, टाय. बुटांची टोकं घासली. मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही. ते तेव्हा पाहुणे होते. बेल दाबली आणि हात पुढे बांधून उभे राहिले.

काकूंनी दार उघडलं. "अगंबाई, आलात? या या." मग दारातच थांबल्या. "त्या परवाच्या बाई कोणा मृणालिनीचं विचारत होत्या. तुमच्या मंडळी का हो?"

"नाही," काका म्हणाले. "माझं अजून जमायचंय."

काकूंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, पांढऱ्या केसांपासून बुटांपर्यंत. "मग बघा की लवकर. वय चाललंय."

"बघतोय."

"आणि तिचं नाव बदलू नका बाई. तांदळात लिहून बदलतात ना? मला नाही ते आवडत. मालतीला मालती म्हटलं तर ती ओ देईल. भलत्याच नावाला कशी देणार?"

 काकांचं बोट दाराच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरलं. मग त्यांनी घसा साफ केला.

"मालती," ते म्हणाले. "मालती चांगलं आहे. पास."

"बसा आत, चहा टाकते," असं म्हणत काकू वळल्या. काकांनी पायपुसण्यावर बूट पुसले, दोन्ही पायांचे, नीट, आणि आत गेले. मी बिनचा दांडा धरून तिथेच रडत उभी राहिले, आणि कचऱ्याची गाडी आमची बिन न घेताच निघून गेली.